घरट्यासमोर ट्रायपॉड कशाला?

संपादक महोदय,

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात रविवारी सकाळी पक्षी बघायला जाणाऱ्यांची गर्दी वाढलीय, चांगलंच आहे, मॉलमध्ये फिरण्यापेक्षा कधीही बरं. पण पावसाळ्यात फोटोसाठी जे चालतं ते बघवत नाही. तिबोटी खंड्या म्हणजे जेमतेम 13 सेंटीमीटरचा जीव, ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो आणि त्या बिळाच्या तोंडावरच लोक ट्रायपॉड मांडून बसतात. मग तो चोचीत पाल धरून समोरच्या फांदीवर नुसती मान वरखाली करत राहतो, बिळात शिरतच नाही, पिल्लं आत उपाशी. आणि लाइक्स सगळ्यात जास्त त्याच पालवाल्या फोटोला!

दुसरं ते मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवणं. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, बिचारा सगळं सोडून भांडायला येतो, फोटो मिळतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर पक्ष्याचं घरटं किंवा अंडी डिस्टर्ब करणं हे चक्क शिकारीच्या व्याख्येत बसतं, हे किती जणांना माहितीय?

पैसे घेऊन बर्डिंग टूर काढणाऱ्यांनी तरी घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकू नये. झाडीत उजेड कमी पडतो हे मान्य, मग कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, 3200 ला न्या ना, थोडे दाणे आले फोटोत तर येऊ देत, पण फ्लॅश नको. आणि जून ते सप्टेंबर वनखात्याने ओढ्याकाठी एखादा गार्ड उभा करावा.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे