बरगडीवरची गाठ चोळू नका

संपादक साहेब, नमस्कार. मागे तुमच्या पेपरात गाठींवर लेख आला होता, चांगला होता पण सगळा कॅन्सरचाच, हाडाच्या साध्या गाठीबद्दल एक ओळ नाही म्हणून लिहितोय.

आमच्या रावेर-यावल भागात पोराच्या बरगडीवर टणक उंचवटा दिसला की एकतर घरात रडारड, नाहीतर थेट हाड बसवणाऱ्याकडे, आणि तो गरम तेल लावून अंगठ्याने दाबत बसतो. अहो पण हाड सरकलेलंच नाही, वाढलंय! डॉक्टर त्याला ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणतात, हाडावरच हाड वाढतं आणि त्यावर कुर्चेची (कानात असतं तशा मऊ, लवचिक हाडाची) टोपी असते, पोरगं वाढतंय तोवर गाठ वाढते, साधारण १८-२० वयाला थांबते. बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, नुसतं लक्ष ठेवायचं.

बरगडीचं मात्र वेगळं, आत लगेच फुप्फुस. माझ्या भाच्याची गाठ बाहेरून सुपारीएवढी, एक्सरेत काही विशेष नाही, सीटी स्कॅन केला तर टोक आत वळलेलं. असं टोक श्वासागणिक फुप्फुसाच्या आवरणाला घासतं, कधी छातीत रक्त नाहीतर हवा भरते. त्याला खोकताना टोचायचं आणि घरचे म्हणायचे गॅस झालाय (आपल्याकडे सगळं गॅसच असतं). शेवटी दुर्बिणीने काढली. टोपी पूर्ण निघाली पाहिजे नाहीतर परत वाढू शकते असं सर्जननी समजावलं, तुकडा तपासायला पाठवला, साधीच निघाली. नंतर छातीत नळी, खाली बाटलीत पाणी, पोरगं श्वास घेई तसं नळीतलं पाणी वरखाली व्हायचं आणि आमची ताई तिथून नजर हलवेना.

कॅन्सर होतच नाही असं नाही, एकटी गाठ असेल तर शंभरात एखाद्याला, अंगावर बऱ्याच असतील तर धोका जास्त आणि तो प्रकार घराण्यातून येतो. मोठेपणी गाठ वाढायला किंवा दुखायला लागली तर थांबू नका.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, तिने शर्ट वर करून बरगड्या आणि गुडघेही चाचपावेत, कितीसा वेळ लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे तरी पोरगं आधी तेलवाल्याकडेच जातं. तुमच्या पुरवणीत एखाद्या सर्जनकडून यावर लिहून घ्या आणि फोटो सीटीचाच छापा, आत वळलेलं टोक दिसलं की लोक दाबायच्या आधी विचार करतील.

- एक वाचक, ता. रावेर