वंशावळ दाखल्यापुरती नको

मा. संपादक,

जातीच्या दाखल्यासाठी सध्या मराठवाड्यात घरोघरी वंशावळी काढल्या जात आहेत. खासरा पत्रक, कोतवाल बुक अशा जुन्या सरकारी नोंदी आणि शाळेचा उतारा यांतून खापरपणजोबांपर्यंत नावं सापडतात. काम झालं की कागद फायलीत. त्यात फक्त पुरुष, आणि त्यांनी काय केलं याचा एक शब्द नाही. नुसत्या नावाबद्दल कृतज्ञता वाटणार कशी?

पितृपक्ष जवळ आला आहे. तर्पणात वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी यांना नाव-गोत्र घेऊन तिळाचं पाणी सोडतात. कुठं आगारी टाकून, म्हणजे विस्तवावर नैवेद्य देऊन, घास ठेवतात. बहुतेक घरांत गाडी पणजीपाशी अडते. तिचं माहेर आत्यांना विचारावं, त्यांना ठाऊक असतं.

एक वही करावी, माणशी एक पान. नाव, बाईचं माहेर, गेल्याची तिथी आणि त्यांच्या हातचं आज आपण काय वापरतो ते : विहीर, बांध, आंबा, कुणाची भरलेली फी.

म्हाताऱ्यांना ‘जुनं सांगा’ म्हटलं की ‘काय सांगावं बाबा’ एवढंच येतं. सन तर विचारूच नये. निजामाच्या रझाकारांच्या धुमाकुळात, रझाकारीत, घर सोडून कुठं गेलात, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होतात की पाझर तलावावर, मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी कोण थापायचं, असं विचारलं की माणसं आणि वर्षं आपोआप लागत जातात. 1948 आणि 1972 हे खुंटे पक्के. लातूर-धाराशिवकडे 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप तिसरा. दोघांचं सांगणं जुळलं नाही तर दोन्ही लिहावं. जुन्या फोटोमागे मऊ पेन्सिलीनं नावं घालावीत, बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. लॅमिनेशन नकोच, ते पुन्हा निघत नाही.

बिघडतं ते पुढं. वही एकतर घराण्याच्या मोठेपणाची पोथी होते, नाहीतर वाटणीच्या भांडणातला पुरावा. म्हणून ‘कुणाचं देणं’ असाही रकाना हवा : अडीनडीला ज्वारी देणारा शेजारी, सुईण, सालगडी. तो वाचताना ‘मी कमावलं’ ही भाषा गळू लागते, आणि अध्यात्म याहून फार वेगळं असेल असं वाटत नाही. पैठणच्या संत एकनाथांची वंशावळ भानुदास, चक्रपाणी, सूर्यनारायण अशी नावानिशी सांगतात. श्राद्धाचं अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढल्याची कथाही त्याच घरची.

तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या, सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी. घास ठेवण्याआधी प्रत्येक नावापुढचं एकच काम मोठ्यानं वाचावं. लांबलं तर पोरं उठून जातात.

— एक वाचक, परभणी