आबा, इथली पोरं शाळेत असतानाच शब्द देतात

मिनियापोलिस, जानेवारी अखेर

ती. आबा व ती. सौ. आई यांस शि. सा. नमस्कार.

फोनवर आबा दोन वाक्यं बोलून "घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई "जेवलीस का" याच्या पुढे सरकत नाही, म्हणून लिहितेय. दादा प्रिंट काढून देईल. मी बरी आहे. खरंच बरी आहे. बातम्यांत उणे पंचवीस दाखवलं म्हणून आईने धसका घ्यायचं कारण नाही. घर, बस, कॉलेज सगळं आतून गरम असतं. टोपी घालते. कानावरूनच घालते.

आता हॉकीचं. फोटो पाहिल्यापासून आईचं एकच चाललंय, रात्रीचं कुणाबरोबर जातेस? घरमालकीण बाईंबरोबर. सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांच्याकडे अख्ख्या सीझनची दोन तिकिटं असतात आणि यजमान गेल्यापासून शेजारची खुर्ची रिकामी असायची. त्यांच्याच गाडीतून जाते-येते, तिकिटाचा एक पैसा मी दिलेला नाही आणि आमच्या रांगेत सगळे साठीच्या पुढचे आहेत. अभ्यास बुडत नाही.

आबांना मात्र सगळं नीट सांगायचंय. बर्फावरची हॉकी, चेंडूऐवजी रबरी चकती. आमच्या मिनेसोटा विद्यापीठाची टीम गोफर्स. स्टेडियम दहा हजारांचं, त्याला जॉन मारियुची यांचं नाव आहे. 1950 च्या सुमारास बाकीची कॉलेजं कॅनडातली पोरं आणून टीम भरायची, तेव्हा या कोचने इथल्याच पोरांचा आग्रह धरला. त्यामुळे लोकांना टीम पेठेची वाटते. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या पोराने गोल मारला की तुम्ही जसे ओरडता, तसंच इथे सत्तरीच्या बायका ओरडतात.

पण एक गोष्ट मला अजून पचत नाही. पोरगा शाळेतच असतो, आणि "मी तुमच्या कॉलेजकडून खेळणार" असा शब्द देऊन मोकळा होतो. कागद नाही, सही नाही, नुसतं तोंडी. पूर्वी चौदा वर्षांची पोरं शब्द द्यायची म्हणे. आता नियम झालाय, अकरावीच्या आधीच्या ऑगस्टपर्यंत कॉलेजने जागा देऊ करायचीच नाही. तर शब्द दिला की लोक त्याच्यावर डोळा ठेवतात. मार्चमध्ये सेंट पॉलला शाळांची राज्य स्पर्धा होते, तिथे बाई त्या पोरांना बघून येतात. कुणाची उंची किती, कोण डावखुरा, कुणाचा भाऊ आधी खेळून गेला, सगळं पाठ. बरं, पोरगा बारावी झाली की लगेच येतो असंही नाही. एक-दोन वर्षं ज्युनिअर लीगमध्ये खेळतो, म्हणून पहिल्या वर्षाचा खेळाडू कधी कधी चांगला वीस वर्षांचा बाप्या असतो. त्यातून अठराव्या वर्षी एखादा व्यावसायिक क्लब त्याचं नाव आपल्या यादीत लिहून ठेवतो (याला ड्राफ्ट म्हणतात), तरी तो कॉलेजकडून खेळू शकतो. समजलं का आबा? मलाही दोनदा विचारावं लागलं. 2021 पासून या पोरांना जाहिरातींचे पैसेही घेता येतात, त्यामुळे लोकांची जीभ आणखी सैल झालीय.

आणि अपेक्षा काय, तर पोरगा एवढा भारी पाहिजे की मोठे क्लब मागे लागले पाहिजेत, पहिल्या मॅचपासून गोल पाहिजेत, आणि कुठे न जाता चार वर्षं इथेच राहिला पाहिजे. मी म्हटलं, हे एकत्र कसं जमायचं? बाई म्हणाल्या, आमच्या वेळी जमायचं.

लोगन कूली म्हणून एक होता. 2022 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर निवडलेला. पहिल्याच वर्षी 39 मॅचमध्ये 60 पॉइंट, म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास मिळून. एप्रिल 2023 ला टॅम्पात फायनल, टीम 2-0 ने पुढे होती. बरोबरी झाली आणि जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला समोरच्या क्विनिपियॅक कॉलेजने गोल मारला. त्यानंतर कूली राहतो म्हणाला, आणि जुलैत अ‍ॅरिझोनाच्या क्लबकडे गेला. एकोणीस वर्षांचा होता. बाई अजून त्याचं नाव काढलं की ओठ मुडपतात आणि "तो पिट्सबर्गचा" म्हणतात. गंमत म्हणजे गोफर्सची शेवटची दोन विजेतेपदं 2002 आणि 2003 ची. 2002 ला जादा वेळेत गोल मारणारा पोटुल्नी शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्याचा, टीममधला एकटा बाहेरचा. 2003 च्या फायनलचा हीरो व्हॅनेक पहिल्या वर्षाचा, तोही ऑस्ट्रियाचा! ते दोघे मात्र "आमची पोरं".

गेल्या शनिवारी एका नवीन पोराने मोकळी जाळी चुकवली. मागचा माणूस म्हणाला, याला स्कॉलरशिप कशाला दिली. त्या पोराचे आई-वडील आमच्या खाली दोन रांगा सोडून बसले होते, त्याच्याच नंबरचे शर्ट घालून. आईने मान वळवली नाही. मला उगीच त्या माणसाचा राग आला. घरी येऊन तुम्हाला फोन करणार होते. मग म्हटलं, तिकडे आंघोळी-पूजेची घाई असेल.

आबा, तुम्ही तालमीत सगळ्यांना सांगितलंय म्हणे की जूनपासून मला नोकरी लागतेय. अजून लागलेली नाही. मुलाखती चालल्यात, दोन ठिकाणी बरं बोलणं झालंय. पेढे वाटू नका, एवढं ऐका. वाटले असतील तर असू दे.

मे महिन्यात ताईच्या लग्नाला येणं जमत नाही. तिकीट लाखाच्या पुढे गेलंय, आणि नोकरीचं नक्की होईपर्यंत इथून हलणं बरं नाही. ताईशी मी स्वतः बोलेन, आईने आधी सांगू नये. आत्याने सुचवलेल्या सांगलीच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, जूननंतर बोलू म्हटलंय. आत्याला ते वेगळं ऐकू येतं. दोन वर्षांनी परत येते म्हटलं होतं तेही माझ्या लक्षात आहे, रोज आठवण करून द्यायला नको.

40,000 पाठवलेत. कर्जाचा हप्ता त्यातून जाऊ दे, उरतील त्यात आईने गुडघा दाखवून घ्यावा. मागच्या वेळसारखे माझ्या नावाने एफडीत टाकू नका.

तुमची,
मनू

ता. क. दादा, बँकेने हमीपत्रावर आबांची पुन्हा सही मागितलीय. शुक्रवारच्या आत नेऊन दे, आणि आबांचं आधार कार्ड बरोबर ठेव.