तोलेदोहून पत्र

तोलेदो, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तुझ्या आजीचा तो बिदरीचा पानडबा अजून आहे ना? काकूंना सांग, चिंच-राख लावून घासू नका. का ते पुढे कळेल.

काल इथं आल्या आल्या फसलो. पहिल्याच दुकानात काळ्यावर सोनेरी वेलबुट्टीचं लॉकेट घेतलं, हातकाम म्हणून. दोन गल्ल्या पुढे तेच लॉकेट, तीच वेल, खिळ्याला डझनभर लटकलेली. छाप्याचा माल!

मग चिडून एका कारागिराच्या दारात दोन तास ठाण मांडलं. माझं स्पॅनिश म्हणजे आनंदच, त्यामुळे नुसतं बघत होतो. पोलादाच्या पत्र्यावर तो आधी आडवे-उभे बारीक ओरखडे काढतो. बोट फिरवलं तर कानशीसारखं खरखरीत. त्यावर केसाएवढी सोन्याची तार वळवत हलक्या हाताने ठोकायची. ओरखड्यांचे दात तिला धरून ठेवतात. झाळण नाही, डिंक नाही. मग सगळं कॉस्टिक सोडा आणि सोऱ्याच्या उकळत्या पाण्यात: लोखंड काळंभोर, सोन्याला काही होत नाही. शेवटी बारीक पोगरांनी, म्हणजे छोट्या छिन्न्यांनी, सोन्यावर पानांच्या शिरा उठवतो. तिथं मी श्वास रोखून धरला होता.

बिदरीत खाचा कोरून चांदी बसवतात, इथं नुसते ओरखडे. म्हणजे हे आपल्या तलवारींच्या मुठींवरच्या, अशीच तार ठोकून केलेल्या कोफ्तगिरीचं सख्खं भावंड. पण काळं करायची युक्ती बिदरीचीच. तिथं किल्ल्यातली माती नवसागराबरोबर लावतात, जस्ताचा मिश्रधातू काळा पडतो, चांदी पांढरीच राहते. घासलंस तर तो काळेपणाच जाईल, बाबा!

इथल्या या कामाला 'दमास्किनादो' म्हणतात, दमास्कसवरून. 1085 मध्ये ख्रिस्ती राजा सहाव्या अल्फोन्सोने मुस्लिम सत्तेकडून तोलेदो घेतलं, तरी मुस्लिम कारागिरीची छाप इथून गेली नाही. मला वाटलं होतं, तेव्हापासून बापाकडून लेकाकडे चालत आलेली ही विद्या. पण 19व्या शतकात तिला नवा जन्म दिला तो लांबच्या, उत्तर स्पेनमधल्या बास्क मुलखात, बंदुका बनवणाऱ्या एइबार गावात, एउसेबियो सुलोआगा आणि त्याचा मुलगा प्लासिदो यांनी. प्लासिदोने ग्रनाडातल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या भिंतींवरची नक्षी लोखंडावर उतरवली; आल्फ्रेड मॉरिसन नावाच्या श्रीमंत इंग्रजाने त्याच्याकडून वर्षानुवर्षं वस्तू करवून घेतल्या. प्लासिदोचा मुलगा इग्नासिओ मात्र चित्रकार झाला. घरात एवढी ठोकाठोक ऐकल्यावर कुणीही ब्रशच धरेल!

त्या कारागिराकडून एक छोटी पक्ष्याची पिन घेतली. महाग पडली, पण ती माझ्याकडेच राहील. छाप्याचं लॉकेट तुला पाठवतोय. पानडब्याशेजारी ठेव आणि भिंगातून बघ.

तुझा,
बाळ्या