पुढची पेशी कधी? मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या तालुका कोर्टांत मी ३१ वर्षं नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. पुण्या-मुंबईकडं जिला कोर्टाची तारीख म्हणतात तिला आमच्याकडं अजून पेशी म्हणतात. निजाम १९४८ ला गेला, शब्द राहिला. न्यायाधीश साहेब डायसवरून बोलायचे, मी रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या नोंदीत, कारण लिहायचो आणि समोर उभ्या माणसाला पुढची पेशी सांगायचो. मान वर न करता. मान वर केली की माणूस काहीतरी विचारतो, आणि बोर्डावर अजून साठ प्रकरणं असतात.

मागच्या पावसाळ्यात हीच खाली घातलेली मान मला खिडकीच्या दुसऱ्या बाजूनं बघायला मिळाली. माझी चुलत भावजय ऊसतोडीला जाते. पोटात गाठ हाताला लागते म्हणून तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, आणि मी तिला घेऊन एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. पहाटेची एसटी, केस पेपरची रांग, ओपीडीची रांग, मग सीटी स्कॅनची खिडकी. आतल्या पोरानं केस पेपरच्या पाठीमागं एक तारीख लिहिली आणि कागद सरकवला. अडीच महिन्यांनंतरची. भावजय म्हणाली, "दादा, तवर आमची गाडी भरती. आधीची न्हाई का?" तो म्हणाला, "मशीन एक, माणूस एक. तवाच या." वर बघितलं नाही. मला त्याचा राग आला नाही. मीच बसलोय असं वाटलं.

मुख्यमंत्री महोदय, गाडी भरणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असेल. दसरा झाला की मुकादम टोळ्या घेऊन निघतो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेऊन खर्च झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई मागं राहिली तर अर्धा कोयता मोडतो, खाडा पडतो आणि उचल फिरून अंगावर येते. आमच्या भागातल्या लाखो माणसांचं वर्ष असं दोन तुकड्यांत कापलेलं असतं, हे तारखा देणाऱ्या कुठल्याच रजिस्टरला माहीत नाही. कोर्टालाही नव्हतं. पेशीला गैरहजर म्हणून कितीतरी ऊसतोड्यांवर वॉरंट निघाली. ती मीच टाइप केली. माणूस फरार नसायचा, सांगली-कोल्हापूरकडं फडात असायचा.

आता तुरुंगाचं सांगतो, कारण कोर्ट, दवाखाना आणि तुरुंग तिन्ही तिथं एकत्र येतात. माझ्या हातून रोजनाम्यात पुन्हा पुन्हा गेलेलं एक वाक्य आहे: 'आरोपीस कारागृहातून हजर केले नाही, पोलीस गार्ड उपलब्ध नाही.' कैदी पार्टी, म्हणजे कैद्यांची ने-आण करणारे पोलीस, कधी निवडणुकीच्या बंदोबस्तात, कधी यात्रेत, कधी मोर्चात, कधी मंत्र्यांच्या दौऱ्यात. (आपल्याही असेल. टोमणा नाही, तेही पोलिसांचंच काम.) मग व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, आली. पडद्यावर कैदी दिसायला लागले, म्हणजे दिसायचे आणि गोठायचे. अर्धी पेशी "आवाज येतोय का?" यात.

एकदा मोटारसायकल चोरीतलं एक पोरगं पडद्यावर होतं. वकील त्याच्या जामिनाचं बोलत होते. पोरगं मधेच म्हणालं, "साहेब, जामिनाचं नंतर बघा. हर्निया हाय, दवाखान्यात न्यायला पोलीस मिळंनात. दोन महिने झाले." साहेबांनी तिथल्या तिथं आदेश केला, मी टाइप केला, बाहेर पाठवला. पुढच्या पेशीला तेच पोरगं पडद्यावर, तसंच एका हातानं ओटीपोट धरून.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्या पोराला कोर्टात आणायला जो पोलीस नव्हता, तोच त्याला दवाखान्यात न्यायलाही नव्हता. उणीव एकच. पण कोर्टात तिचं नाव 'तहकूब' झालं, तुरुंगात 'गार्ड अप्राप्त' झालं, आणि दवाखान्यात तिला नावच मिळालं नाही, कारण पोरगं तिथवर पोहोचलंच नाही. विधानसभेत प्रश्न आला तर तीन खाती तीन उत्तरं देतील आणि तिन्ही खरी असतील. त्या पोराचे दोन महिने मात्र कुठल्याच उत्तरात सापडायचे नाहीत.

कायदे नाहीत म्हणून हे होतं असंही नाही. लवकर खटला चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्येच बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे निकाल न लागलेल्या कैद्यांच्या, प्रकरणात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ त्याहून पुढं जातं. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा कच्च्या कैदेत काढला असेल तर त्याला बाँडवर सोडायचं. बाकीच्यांसाठी हिशोब अर्ध्या शिक्षेचा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि ज्यांच्यावर एकाहून जास्त खटले आहेत ते यातून वगळले आहेत. मुदत भरली की कोर्टाकडं लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कैद्याची नाही, तुरुंगाच्या अधीक्षकाची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे जुन्या कैद्यांनाही लागू केलं. साध्या चोरीला जुन्या कायद्यात कमाल तीन वर्षं होती, म्हणजे पहिलटकराचा तिसरा हिस्सा एक वर्ष. हे गणित चौथीतलं पोर करील. ते दर महिन्याला प्रत्येक कैद्यासाठी कोण करतं, आणि करायचं राहिलं तर कोणाला विचारायचं? अधीक्षकाच्या टेबलामागं तशी पाटी मी पाहिलेली नाही.

आणि जामीन मिळूनही आत बसलेले? जामीनदार आणा म्हटलं की सातबारा लागतो, ऐपतीचा दाखला लागतो. ज्याच्या सात पिढ्यांत सातबारा नाही त्यानं कोणाचा आणायचा? जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची. निवृत्तीनंतर ओळखीच्या चार वकिलांना विचारलं, या योजनेतून तुमचा कोणी सुटला का? एकानं मलाच विचारलं, "अर्ज कुठं करायचा असतो हो?" देशाचं चित्रही वेगळं नाही. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत तुरुंगांतल्या ५,७३,२२० माणसांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. शंभरातले जवळपास शहात्तर निकालाची वाट बघणारे.

कोर्टाचा माणूस म्हणून एक गोष्ट माझ्या खात्याच्या बाजूनं सांगतो. पोटातून सांगतो असं म्हणा. कोर्टाला नावं ठेवणं सोपं आहे, पण कोर्ट आपली थकबाकी लपवत नाही. राष्ट्रीय न्यायिक आकडेवारीच्या संकेतस्थळावर आमच्या तालुका कोर्टात किती प्रकरणं आहेत आणि त्यातली किती दहा वर्षांहून जुनी आहेत, हे आपण मंत्रालयात बसून आत्ता बघू शकता. ते बघून आम्हाला लाज वाटायची, आणि लाज वाटली की जुनी प्रकरणं वर निघायची. रुग्णालयाचं असं पान कुठं आहे? सीटीला किती माणसं थांबली, किती दिवस थांबली, किती जणांची तारीख यायच्या आधीच गरज संपली?

१६ सप्टेंबर २०२३ ला मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगरला झाली. मराठवाड्यासाठी हजारो कोटींच्या घोषणा झाल्या, दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्रामाची पंचाहत्तरी साजरी झाली. पंधरवडाही सरला नाही तोच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली. त्यातली १२ नवजात बाळं. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा आम्हाला कळलं की खाटांपेक्षा रुग्ण कितीतरी जास्त आहेत, पदं रिकामी आहेत, औषधखरेदी अडलेली आहे. आमच्याकडं रुग्णालयाचा हिशोब माणसं मेल्यावर उघडतो. आधी उघडायची सोयच नाही.

इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवेनं स्वतःला १८ आठवड्यांची मुदत घालून घेतली आहे. तज्ज्ञाकडं पाठवलेल्या शंभरातल्या ९२ रुग्णांवर तेवढ्यात उपचार सुरू व्हायला हवेत. २०१६ नंतर त्यांना हे जमलेलं नाही. पण दर महिन्याला आकडा छापला जातो, आणि जमत नाही हे तिथल्या रिक्षावाल्यालाही (असतील तर) ठाऊक असतं. आमचं नापास होणंही कुठं नोंदलेलं नाही.

आपल्या राज्यात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. 'आपली सेवा आमचे कर्तव्य'. उत्पन्नाचा दाखला मुदतीत मिळाला नाही तर खात्यात दोन अपिलं, मग आयोग, आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. चांगला कायदा आहे, माझ्या पोराचा दाखला त्यातून वेळेत निघाला. पण मुदत फक्त अधिसूचित सेवांना. दाखल्याला मुदत आहे, गाठीला नाही.

फुकट उपचारांचंही एक सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, एसटीत बायांना अर्धं तिकीट त्याआधीच झालं होतं, दोन्ही मनापासून मान्य. पण बुडालेला रोज निःशुल्क होत नाही. एका तारखेला दोन माणसांचे दोन रोज जातात.

म्हणून मागणी फार मोठी नाही. नवीन इमारत मागत नाही, पॅकेज तर नकोच. जिथं जिथं सरकार माणसाला तारीख देतं, तिथं माणूस कधी आला आणि त्याला कधीची तारीख दिली, हे दोन रकाने ठेवा. महिन्याच्या शेवटी ते फलकावर लावा, खाली सही करणाऱ्याचं पद लिहा. तुरुंगाच्या फाटकावर दोनच आकडे पुरेत: गार्ड नाही म्हणून कोर्टात किंवा दवाखान्यात न नेलेले किती, आणि जामीन होऊन आठवडा उलटला तरी आत असलेले किती. न्यायाधीशांनी निकाल कधी द्यावा हे आपण सांगू शकत नाही, सांगूही नये. पण गार्ड, सरकारी वकील, न्यायसहायक प्रयोगशाळेतला विसेरा रिपोर्ट आणि सीटीच्या मशीनवरचा दुसरा माणूस, हे सगळं सरकारचं आहे. त्या दुसऱ्या माणसाचं पद किती दिवस रिकामं आहे, तेही त्याच फलकावर येऊ द्या. खिडकीतल्या पोराला तरी निदान मान वर करता येईल.

भावजयीची गाडी दसऱ्यानंतर आठव्या दिवशी भरली. केस पेपर तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत नेला. दिलेली तारीख आली तेव्हा ती फडात होती. मी तिच्या वतीनं त्या खिडकीशी गेलो, पुढची तारीख मिळेल का विचारायला. पोरगं म्हणालं, "पेशंट लागतो समोर." बरोबर आहे, मीही हेच सांगायचो. आता ती पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, चैत्रात येईल. तेव्हा पहिल्यापासून रांग.

आपला,
एक निवृत्त सहायक अधीक्षक, दिवाणी न्यायालय
मराठवाडा