बाळाची लस आईच्या दंडाला

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आल्यापासून त्यातलं एक वाक्य मनातून जात नाही. ‘ज्या मुलांना दोन वेळचं पोटभर मिळत नाही, स्वच्छ पाणी मिळत नाही, त्यांना फ्लूची लस कशाला? आधी अन्न द्या, मग सर्दी-तापाचं बघू.’ तुमच्या गटाचे देणगीचे पैसे कुठल्या संस्थांना द्यायचे हे ठरवायची वेळ आली आहे आणि तू फार मनापासून विचार करतो आहेस, हे कळतं. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आज म्हणवत नाही. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

मादागास्करमध्ये २००२ साली काय झालं ते आधी वाच. फियानारांत्सोआ प्रांतातल्या खेड्यांत त्या हिवाळ्यात माणसं ताप, खोकला आणि धाप लागून पटापट आजारी पडू लागली. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ३०,३०४ रुग्ण आणि ७५४ मृत्यू नोंदले गेले. गेलेल्यांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त. हा कुठला भयंकर नवा रोग, अशी भीती होती. तपासणीत निघाला एच३एन२ इन्फ्लुएंझा. म्हणजे जगभर फिरणारा, ओळखीचा फ्लूचाच विषाणू. त्यावरची लस तेव्हा श्रीमंत देशांत लोक टोचून घेत होते. मादागास्करच्या त्या खेड्यांत कुपोषण होतं, दाटीवाटीची घरं होती, दवाखाना लांब होता, त्यात देशात राजकीय गोंधळ. विषाणू तोच होता रे, तो ज्या घरात शिरला ते घर वेगळं होतं. म्हणून ‘आधी अन्न, मग फ्लू’ हा क्रम मला पटेनासा झाला. उपाशी मुलाला फ्लू साध्या सर्दीसारखा होतच नाही.

२०१८ सालचा जागतिक अंदाज असा आहे: पाच वर्षांखालच्या मुलांना वर्षभरात जवळपास ११ कोटी वेळा फ्लू झाला, ८ लाख ७० हजार मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं, आणि मृत्यू ३४,८०० पर्यंत असावेत. रुग्णालयात दगावलेल्या मुलांपैकी ८२ टक्के गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. तू लगेच म्हणशील, २०२२ साली पाच वर्षांच्या आतली ४९ लाख मुलं गेली, त्यात हा आकडा केवढा? मान्य. जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया, जन्माच्या वेळची गुंतागुंत यांच्यापुढे तो लहानच आहे. पण फ्लू एकटा येत नाही. तो श्वासनलिकेचं आतलं अस्तर खरवडून ठेवतो आणि मागून न्यूमोकॉकससारखे जिवाणू आत शिरतात. दक्षिण आफ्रिकेत न्यूमोकॉकसची लस दिलेल्या मुलांचा अभ्यास झाला होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, ज्या न्यूमोनियात विषाणू सापडला होता त्यासाठी रुग्णालयात यावं लागण्याचं प्रमाणही ३१ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. लस जिवाणूवरची, आणि कमी झाला ‘विषाणूचा’ न्यूमोनिया! इतके ते दोघे एकमेकांत गुंतलेले असतात. आणि मृत्यूच्या दाखल्यावर यातलं फ्लू हे नाव बहुतेक वेळा येतच नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. त्या ८२ टक्क्यांपेक्षाही एक दुसरा आकडा मला छळतो. रुग्णालयात फ्लूने गेलेल्या मुलांपैकी ३६ टक्के सहा महिन्यांच्या आतली होती. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्या वयासाठी ती मान्य नाही. सगळ्यात नाजूक वय, आणि नेमकं तेच उघडं.

एक बाळ मला विसरता येत नाही. दोन महिन्यांचं होतं. त्या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे धोक्याची खूण. याचे ७२ भरले. दर श्वासाला बरगड्यांखालची छाती आत ओढली जात होती. आई सांगत होती, ‘काल नुसतं नाक वाहत होतं.’ ऑक्सिजन हाताशी होता म्हणून ते बाळ तीन दिवसांत अंगावर पिऊ लागलं. जाताना तिने विचारलं, ‘मला आधी सर्दी होती, माझ्यामुळेच झालं का?’ मी काहीतरी समजुतीचं बोललो. तिचा अंदाज बहुतेक बरोबर होता, आणि दोष तिचा मुळीच नव्हता. गरोदरपणी तिला कोणी लस देऊ केलीच नव्हती.

त्या उघड्या वयासाठी एक वाट आहे. आईला गरोदरपणी लस दिली की तिच्या अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं, वारेतून बाळाकडे जातात. हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते बांगलादेशात, आणि तेही आडवाटेने. ३४० गरोदर बायकांचा तो अभ्यास मुळात न्यूमोकॉकसच्या लशीसाठी होता, फ्लूची लस नुसती तुलनेला ठेवली होती. २००८ मध्ये निकाल छापून आला: फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांत प्रयोगशाळेच्या तपासणीत पक्का ठरलेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत आकडे उतरले, हे लपवणार नाही. दक्षिण आफ्रिकेत जवळपास ४९ टक्के, मालीत ३३, नेपाळमध्ये ३०. मालीत पहिले चार महिने संरक्षण चांगलं होतं, मग ओसरलं. नेपाळमध्ये बाळांचं जन्मवजन सरासरी ४२ ग्रॅमनी जास्त भरलं, पण माली आणि दक्षिण आफ्रिकेत तसं काही दिसलं नाही. म्हणून वजनाच्या आशेवर लस विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. पहिले काही महिने बाळाला फ्लूपासून बऱ्यापैकी आडोसा, एवढंच तिचं काम. मला ते पुरेसं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये फ्लूची लस आधी कोणाला द्यायची या यादीत गरोदर स्त्रियांना सगळ्यात वर ठेवलं ते उगाच नाही.

सहा महिन्यांपेक्षा मोठ्या मुलांचं मात्र मी इतक्या ठामपणे सांगणार नाही. २०१३ साली नाकात फवारायची एकच लस बांगलादेशात आणि सेनेगलमध्ये तपासली. बांगलादेशात ५७.५ टक्के उपयोग, सेनेगलमध्ये काहीच नाही. शिवाय विषाणू बदलतो, म्हणून लशीचा मसाला वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, नव्याने ठरतो. उष्ण कटिबंधात फ्लूचा ठरलेला हंगाम बऱ्याच ठिकाणी नसतोच, मग टोचायचं कधी? लहान मुलाला पहिल्या वर्षी दोन डोस, पुढे दरवर्षी एक. जिथे गोवराच्या दुसऱ्या डोसालाच मुलं गळतात, तिथे हे ओझं मी आजच कोणत्याही गरीब कार्यक्रमावर टाकणार नाही.

आईचं तसं नाही. ती धनुर्वाताच्या लशीसाठी येतेच. १९८८ साली नवजात बाळांच्या धनुर्वाताने अंदाजे ७ लाख ८७ हजार बाळं जात होती, २०१८ पर्यंत ती संख्या २५ हजारांवर आली. त्यात आईच्या दंडावरच्या त्या सुईचा वाटा मोठा. ही व्यवस्था उभी आहे, सुहास. त्याच टेबलावर, त्याच दोन ते आठ अंशांच्या फ्रिजमधून आणखी एक सुई. आणि ती द्यायला बसलेली नर्स त्याच वेळी बाईचं वजन बघते, रक्तदाब घेते, अंगात रक्त कमी आहे का ते तपासते, काय खातेस म्हणून विचारते. तुझं ‘आधी अन्न’ याच टेबलावर सुरू होतं. ती नर्स, तो फ्रिज आणि तिला तपासणीपर्यंत आणणारा रस्ता नसेल, तर लस काय आणि पोषण आहार काय, दोन्ही गोदामातच राहतील.

पोषणाचे पैसे कमी कर असं मी म्हणतच नाही. ज्या संस्थांचे अर्ज तुझ्यासमोर आहेत, त्यांना एवढं विचार: गरोदर बायका तुमच्याकडे तपासणीला कितव्या महिन्यात येतात, किती वेळा येतात, आणि त्या दिवशी त्यांना काय काय मिळतं? लहान बाळांचे श्वास मोजायला कोणाला शिकवलंय का? ऑक्सिजन चालू अवस्थेत आहे का? ही उत्तरं ज्यांच्याकडे असतील त्यांच्या यादीत फ्लूची लस जोडायला फार खर्च लागणार नाही. ज्यांच्याकडे नसतील त्यांना आधी त्याचसाठी पैसे दे.

सही करायच्या आधी ते अर्ज मला पाठव. रविवारी पूर्ण दिवस मोकळा आहे, बसून वाचतो आणि समासात लिहून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल