आत्याच्या ऑपरेशनआधी

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलणे तुटले, म्हणून लिहीत आहे. आत्याच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला सरांबरोबर तूही भूल देण्यास उभी राहणार, हे मी भेटेल त्याला सांगत सुटलो आहे. परंतु तिचा रक्तदाब माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तो पडला तर तिची मूत्रपिंडे सोसणार नाहीत.

भूल देताना स्नायू सैल करायला टोचतात ते रिलॅक्संट हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरील निकोटिनिक रिसेप्टर, म्हणजे मज्जातंतूचा संदेश घेणारी ठिकाणे, अडवते. रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू निराळ्या जातीचा, त्याला ते थेट सैल करीत नाही. तरीही अॅट्राक्युरियम नावाचे रिलॅक्संट भराभर टोचले तर शरीरात हिस्टामिन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे रसायन सुटते आणि रक्तदाब उतरतो. मूत्रपिंडावर अवलंबून न राहता ते शरीरात आपोआप विघटित होते, म्हणून तिच्यासाठी तेच निवडाल हे मला पटते. फक्त सावकाश द्या.

मूत्रपिंडाच्या आणि आतड्याच्या रक्तवाहिन्यांत डोपामाइनचे, म्हणजे शरीरातल्या आणि औषध म्हणूनही देतात त्या संदेशवाहक रसायनाचे, डी-१ रिसेप्टर असतात आणि ते उद्दीपित झाले की त्या वाहिन्या रुंदावतात. याच भरवशावर आमच्या पिढीने मूत्रपिंड वाचवायला थोडे थोडे डोपामाइन चालू ठेवले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांतल्या ३२८ रुग्णांवरील चाचणीने २००० साली तो भरवसा मोडला. लघवी वाढली म्हणजे मूत्रपिंड वाचले असे होत नाही, एवढेच मी काल म्हणत होतो. मळमळीवरच्या मेटोक्लोप्रामाइडचेही ध्यानात ठेव : ते डोपामाइनचे डी-२ रिसेप्टर अडवतेच, शिवाय स्कोलिन या दुसऱ्या रिलॅक्संटला मोडणारे रक्तातील एन्झाइम, कोलिनेस्टरेज, तेही दाबते, त्यामुळे स्कोलिनचा परिणाम लांबतो.

हे पुन्हा व्याख्यानच झाले, रागावू नकोस. लहानपणी तू माझ्या प्रयोगशाळेत येऊन बेडकाच्या स्नायूचे आलेख उमटवणाऱ्या, काजळी धरलेल्या ड्रमला मिठी मारलीस आणि तो पिवळा फ्रॉक आत्याने दोन दिवस घासला, तरी तुला एका शब्दाने बोलली नाही. आता तिच्या उशाशी तू असणार, याचा अभिमान वाटतो आणि झोपही येत नाही.

रक्तदाब पडलाच तर आधी कारण शोधा, मग औषध. आणि त्या दिवशी सकाळी तिने कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे सरांना विचारून मोठ्या अक्षरांत लिहून दे. तोंडी सांगितलेले ती ऐकत नाही.

तुझा,
बाबा